डाव्या सीटवरचं वर्ष

कंधारहून फुलवळ, जांबमार्गे उदगीर-बिदरकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. गेल्या महिन्यात भाचा आला. मोटारसायकल लावून बराच वेळ नुसताच बाकड्यावर बसला. गिऱ्हाईक गेलं, मी हात धुतले, तेव्हा म्हणाला, "मामा, हेवीचं लायसन काढू का?"

तो हेच विचारणार हे मला ठाऊक होतं. आदल्या रात्री त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला होता. "दादा, उद्या लेकरू तुझ्याकडं येतंय. तू त्याला नको म्हण. माझं ऐकत नाही, तुझं ऐकंल. तुझे हाल बघितलेत मी. अजून एक ड्रायव्हर नको घरात."

पंचवीस वर्षं मी ट्रक चालवला. दुकानावर हवा भरायला थांबणारी पोरंही हाच प्रश्न विचारतात आणि त्यांना मी चहा होईपर्यंत काहीतरी सांगून वाटेला लावतो. घरच्या पोराला तसं लावता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

भाचा चोवीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. तीन एकर सोयाबीन, तेही पावसाच्या भरवशावर. पोलीस भरतीच्या मैदानात दोनदा उतरला आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. २०२३ ला तलाठ्याचा फॉर्म भरला. तेव्हा ४,६४४ जागा होत्या आणि राज्यभरातून अर्ज आले दहा लाखांवर. खुल्या गटाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. पुढं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, तेव्हा एका सरकारी कचेरीत सहा महिने बसला. पदवीधर म्हणून महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन मिळायचं. काम काय, तर फायलींना नंबर टाकणं आणि साहेबांच्या टेबलावरून कागद झेरॉक्सला नेणं. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र हातात आलं. ते घरी पत्र्याच्या पेटीत आहे.

दुसरीकडं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी कितीतरी वेळा म्हणाले आहेत की देशात २२ लाख चालक कमी पडतात. एका दाराशी दहा लाखांची रांग आणि दुसरं दार सताड उघडं, तरी तिकडं कुणी जात नाही. आपली पोरं आळशी आहेत म्हणून असं होत नाही. पहाटे चारला उठून सोळाशे मीटर धावणारी पोरं आहेत ही. या कामात माणसाची जी गत होते ती सगळ्या गावाला दिसते, म्हणून जात नाहीत. २०२० साली रस्ते सुरक्षेचं काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशननं मोठ्या वाहतूक केंद्रांवरच्या ट्रकचालकांना विचारलं, घरातल्या कुणाला या धंद्यात ये म्हणाल का? शंभरातले चौऱ्याऐंशी नाही म्हणाले. माझी बहीण त्यांच्यापेक्षा वेगळं काही म्हणत नाही. तिच्या मनात आणखी एक गोष्ट आहे, फोनवर बोलली नाही तरी मला कळते. आपल्याकडं ड्रायव्हरला पोरगी देत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याला तर आधीच देत नाहीत.

मी त्याला नको म्हणणार नाही. पण "काढ" असंही म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "आधी एक वर्ष डाव्या सीटवर बस." तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. डाव्या सीटवर किलिंडर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा क्लीनर, बसायचा हे या पिढीला माहीतच नाही, कारण ती सीट आता रिकामी असते.

मी १९९२ ला किलिंडर झालो. कंधारच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, वडील गेले, शिक्षण सुटलं. गाडी टाटा १२१०, सहा चाकी, पॉवर स्टिअरिंग नसलेली. माझे उस्ताद लोह्याकडचे होते. पहिले सहा महिने त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. काम होतं गाडीभोवती फिरायचं. निघायच्या आधी टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, एकेका टायरवर ठोका मारायचा आणि ऐकायचं. टणक वाजलं तर हवा बरोबर, बसकं वाजलं तर कमी. मागच्या जोड टायरांत दगड अडकलाय का बघायचं, कारण तो दगड वेगात सुटला की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या कपाळात बसतो. ताडपत्रीचा दोर कुठून ओढला की वाऱ्यानं फुगत नाही, चढावर गाडी थांबली की चाकाखाली कोणत्या बाजूनं दगड लावायचा आणि निघताना तो रस्त्यात का ठेवून जायचा नाही, हे सगळं उस्तादांनी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं की गप्प बसायचे. मग स्वतःलाच आठवावं लागायचं.

पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री आम्ही नांदेडला होतो. पहाटे चारच्या सुमाराला गाडी हलल्यासारखी झाली. उस्तादांना वाटलं कुणीतरी मागून टेकवली. तो ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप होता. त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पत्रे भरून तिकडं गेलो. वरून पाऊस, खाली चिखल, रस्ता कुठला आणि पडलेल्या घराची भिंत कुठली ते कळत नव्हतं. उस्ताद गाडी मागं घेत होते आणि मी फाळक्याजवळ उभा राहून थाप मारत होतो, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं काटा, बस!" बस म्हणायला एक क्षण उशीर झाला असता तर मागं बायका बसल्या होत्या, दगडांच्या ढिगाजवळ. तिथून उठायलाही त्यांना भान नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की इतक्या मोठ्या गाडीला मागचं काहीच दिसत नसतं. हे मला पुस्तकात सांगितलं असतं तर मी पाठ केलं असतं आणि विसरलोही असतो.

दीड वर्षानं उस्तादांनी रिकाम्या गाडीवर, रिकाम्या रस्त्यावर मला उजवीकडं बसवलं. मग भरलेल्या गाडीवर. मग रात्री. घाट सगळ्यात शेवटी. मांजरसुंब्याचा घाट मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा ते शेजारी बसून एवढंच म्हणाले, ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे कितीतरी जण मी पुढं दरीत बघितले. ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतात, मग पाय खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही.

आता लायसनचं सांगतो, कारण पोरांना वाटतं सगळा खेळ त्याचाच आहे. कायदा सोपा आहे. वय वीस पूर्ण पाहिजे. हलक्या वाहनाचं लायसन काढून वर्ष झालेलं पाहिजे, त्याशिवाय ट्रान्सपोर्टचं शिकाऊ मिळत नाही. डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. लायसन पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. भाच्याकडं कारचं लायसन दोन वर्षांपासून आहे, म्हणजे कागदावर तो आजच तयार आहे. एका ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं त्याला सगळं मिळून पंधरा हजार सांगितले आणि वर म्हणाला, रोज यायची गरज नाही. त्याचं नाव मी इथं घेत नाही. रोज यायची गरज नाही, या वाक्यानं मला दोन रात्री झोप नव्हती.

चांगली शिकवण देणाऱ्या जागा नाहीत असं नाही. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय रस्ता परिवहन संस्थेचं, म्हणजे सीआयआरटीचं, प्रशिक्षण केंद्र आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा आहे आणि तिथून पास झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी माफ आहे. चांगलीच गोष्ट आहे, सिम्युलेटर असतो, वर्ग असतो. पण ३८ तास म्हणजे किती? कंधारहून सोयाबीन भरून मुंबईच्या दोन खेपा केल्या की तेवढे तास सहज होतात. दहा टायरी गाडी भरल्यावर कायद्यानंच २८.५ टनांची असते. ती ३८ तासांच्या भरवशावर रात्री अकराला चोवीस वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची, तीही एकट्याच्या, हे मला पटत नाही.

एकट्याच्या हातात, हीच खरी गोष्ट आहे. किलिंडर ही पोरांना राबवून घ्यायची वाईट पद्धत होती, हे मला मान्य आहे. मला पहिली दोन वर्षं पगार नव्हता, फक्त खुराकी होती. मार खाल्लेली पोरंही मला माहीत आहेत. ती पद्धत बंद पडली याचं दुःख मी करत नाही. पण ती बंद पडली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. भाड्यात परवडत नाही म्हणून मालकांनी माणूस कमी केला. २०२५ च्या जुलैत राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संप केला, त्यांच्या मागण्यांत क्लीनरची सक्ती काढा ही मागणीसुद्धा होती. त्यांचं गणित मला समजतं. डिझेल, टोल, हप्ता देऊन उरतं काय? पण डावी सीट रिकामी झाली तेव्हा दोन गोष्टी एकदम गेल्या. शिकायची जागा गेली आणि चालकाचे दुसरे डोळे गेले.

दुसऱ्या डोळ्यांचं सांगतो. २००३ साली वसमतची हळद सांगलीला उतरवून परत येत होतो. तुळजापूर सोडलं, औसा मागं पडलं, पहाटेचे तीन वाजले असतील. रस्ता सरळ होता, गाडी नीट चालली होती, असं मला वाटत होतं. एकदम किलिंडरनं माझ्या दंडाला धरून हलवलं. "उस्ताद!" समोर लिंबाचं झाड होतं, दिव्यांच्या उजेडात त्याची पानं पानं दिसत होती. मी गाडी ओढून घेतली. पुढं एका धाब्यावर दोघंही तासभर काही न बोलता बसलो. तो पोरगा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. त्याच्यामुळं मी आहे.

२०१९ च्या जानेवारीत शेजारी कुणी नव्हतं. उसाचा हंगाम होता. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडला होता, मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीच्या अप्पर दिव्याचा झोत डोळ्यावर आला आणि मी त्या ट्रॉलीत घुसलो. ऊस केबिनमध्ये आला. कुणी दगावलं नाही, ही देवाची कृपा. माझा गुडघा फुटला. मालकानं आठ दिवस दवाखान्याचं बघितलं, नंतर फोन उचलला नाही. त्याच गुडघ्यामुळं मी आज पंक्चर काढतो.

झोप हा या धंद्यातला सगळ्यात मोठा शत्रू आहे आणि त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असं ठरवून दिलं होतं. माझ्या सगळ्या वर्षांत हा कायदा लागू होता आणि कुठल्याही मालकाच्या तोंडून मी त्याचं नाव ऐकलं नाही. पूर्वी निदान अडकायला जागा होत्या. मुंबईच्या जकात नाक्यावर रात्र रात्र रांग लागायची, आम्ही वैतागायचो, पण तिथं झोप व्हायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गाड्या पळायला लागल्या. व्यापाराला बरं झालं. मग गाडीत जीपीएस बसला आणि अर्धा तास थांबलं की मालकाचा फोन, "कामून थांबलास?" वाचलेला वेळ चालकाच्या झोपेत कधी आला नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली किती झोपेनं मेली हे पोलिसांच्या पंचनाम्यात सापडत नाही, तिथं भरधाव वेग लिहितात.

बहिणीची दुसरी भीती आहे मारहाणीची. अपघात झाला की चूक कुणाची हे बघायच्या आधी लोक ट्रकवाल्याला खाली ओढतात, म्हणून चालक पळतो, आणि पळाला की गुन्हेगार ठरतो. भारतीय न्याय संहितेत याच पळण्याला दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या त्या सगळ्यांच्या लक्षात असतील. पुढं १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू झाला तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. जखमीला टाकून पळणं मला मान्य नाही, मी माझ्या किलिंडरांनाही तेच शिकवलं. पण थांबलेल्या चालकाला जमावापासून वाचवायची हमी कुणीच देत नाही. बहिणीला याचं उत्तर माझ्याकडं नाही. तिला खोटं सांगायचं नाही एवढंच मी ठरवलंय.

केबिनमध्ये एसी आला आहे, तेही सांगितलं पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना तो सक्तीचा आहे. मे महिन्यात इंजिनावर बसून चालवलेल्या माणसाला विचारा, ही केवढी गोष्ट आहे. फक्त आपल्या भागातल्या पोरांच्या हाती पहिली गाडी पडते ती दहा-बारा वर्षं वापरलेली.

मग मी या पोरांना कशासाठी पाठवू म्हणतो? कारण हे काम खरं आहे. मी त्यातून घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली. लातूरच्या मोंढ्यात जाणारं सोयाबीन, अर्धापूरची उत्तरेत जाणारी केळी, आपल्या दुकानात येणारा साबणसुद्धा कुणाच्या तरी जागरणावर येतो. हे काम येणाऱ्याला कुठल्याही जिल्ह्यात भाकरी मिळते, ओळख लागत नाही, परीक्षेचा पेपर फुटला म्हणून वर्ष वाया जात नाही. फक्त ते नीट शिकायला मिळालं पाहिजे.

माझं म्हणणं सरकारपुढं एवढंच आहे. कार्यप्रशिक्षण योजनेतून तुम्ही पोराला कचेरीत बसवून महिन्याला दहा हजार दिले. तेच पैसे डाव्या सीटला द्या. नांदेड, लातूरच्या आरटीओनं दहा-पंधरा वर्षं विनाअपघात गाडी चालवलेले उस्ताद निवडावेत, त्यांच्या गाडीत एकेक पोरगा सहा महिने ते वर्षभर बसवावा. पोराला विद्यावेतन, उस्तादाला शिकवण्याचा मेहनताना, दोघांचा विमा. रोजची नोंदवही ठेवावी: किती तास, कोणता रस्ता, किती झोप. ती वही दाखवल्याशिवाय हेवीची चाचणीच घेऊ नये. मालकाला फुकटचा माणूस मिळतो म्हणून तो नाही म्हणणार नाही. जुन्या किलिंडरसारखा मार खायला नव्हे, शिकायला बसवायचं, म्हणून नोंद सरकारकडं हवी. सहा आठवड्यांची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत व्हावीत, जरूर व्हावीत, पण त्यांच्यानंतर ही सीट हवी.

पोरांना दोन गोष्टी सांगतो. रात्रीच्या वाळूच्या हायवावर पहिली नोकरी धरू नका. पैसा रोख असतो, लायसन कुणी विचारत नाही, म्हणून मन ओढतं. तिथं एकच शिकायला मिळतं, ते म्हणजे दिवे बंद करून पळणं. ती सवय पुढं सुटत नाही. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, त्याला वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप आजही चालवता येतो. तिथं हात बसू द्या, माल भरणं-उतरवणं कळू द्या, बिल्टी वाचायला शिका. हे काम आपल्याला झेपतं का, हे पंधरा हजार भरायच्या आधीच कळेल.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, पण योजना येईस्तोवर काय करू? माझं वय थांबतंय का?" पोराचं बरोबर आहे. म्हणून मी माझ्या ओळखीच्या एका उस्तादांकडं गेलो. आमच्याच वयाचे, अजून दहा टायरी चालवतात. मालकाला विचारून त्यांनी हो म्हटलं, फक्त एक अडचण सांगितली, "खुराकी कोण देणार? मालक देत नाही." दिवसाला दोनशे मी देतो म्हणालो. वर्षभर. दुकानातून तेवढं निघतं. नोंदवही मी आणून दिली आहे, शंभर पानी, रेघा मारून.

पहिली खेप सोमवारी पहाटे, सोयाबीन, लातूर. बहिणीनं अजून हो म्हटलेलं नाही. काल रात्री फोन करून एवढंच विचारलं, भाकरी दोघांच्या बांधायच्या की एकट्याची.